रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक स्फटिक : तापमान बदलले की डोमेनरचना कशी बदलते?

रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक हा स्फटिकांचा एक वेगळा गट आहे. या स्फटिकांत विद्युत ध्रुवण असते, पण ते संपूर्ण स्फटिकभर एकाच शिस्तीत नसते. ते काही नॅनोमीटर आकाराच्या छोट्या-छोट्या भागांत विखुरलेले असते. तापमान कमी-जास्त केले की हे भाग जन्मतात, वाढतात, एकमेकांशी जोडले जातात, गोठतात किंवा नाहीसे होतात. वैद्यकीय सोनोग्राफीच्या प्रोबमधील आणि पाणबुडीच्या सोनारमधील सर्वांत संवेदनशील स्फटिक याच गटातील पदार्थांपासून तयार होतात. त्यांची ताकद आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी तापमानानुसार बदलणाऱ्या या अंतर्गत रचनेतून येतात.

आधी साधा फेरोइलेक्ट्रिक पदार्थ

काही स्फटिकांत धन आणि ऋण प्रभारांची केंद्रे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत. त्यामुळे स्फटिकाच्या प्रत्येक एककाला विद्युत द्विध्रुवाचे रूप येते. बाहेरून विद्युतक्षेत्र लावून या द्विध्रुवांची दिशा उलटवता येत असेल आणि क्षेत्र काढल्यावरही ती टिकत असेल, तर त्या पदार्थाला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. हा गुणधर्म अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० मध्ये रोशेल सॉल्टच्या स्फटिकात प्रथम ओळखला. नावातील 'फेरो' हा शब्द लोखंडावरून आला असला तरी या पदार्थांत लोखंड असण्याची गरज नसते. लोहचुंबकाशी असलेल्या वागणुकीतील साम्यामुळे हे नाव पडले.

बेरियम टायटनेट हे याचे नेहमीचे उदाहरण. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर या स्फटिकाचे एकक घनाकार असते आणि टायटॅनियमचा आयन सरासरीने मध्यभागी असतो. तापमान त्याखाली आले की हा आयन नॅनोमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका एका बाजूला सरकतो, एकक किंचित लांबट होते आणि ध्रुवण निर्माण होते. या सीमेला क्यूरी तापमान म्हणतात.

घनाला सहा पृष्ठे असल्यामुळे आयनाला सरकण्यासाठी सहा समान दिशा उपलब्ध असतात. स्फटिकाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी दिशा निवडली जाते. एकाच दिशेचे ध्रुवण असलेल्या सलग भागाला डोमेन म्हणतात आणि दोन डोमेनमधील सीमेला डोमेन भिंत. साध्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये ही डोमेन बरीच मोठी असतात. त्यांचे सरळ रेघांचे पट्टे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. क्यूरी तापमानाच्या वर गेले की ते पुसले जातात आणि खाली आले की पुन्हा उमटतात.

रिलॅक्सरचे वेगळेपण

१९५० च्या दशकात सोव्हिएत संघातील लेनिनग्राड येथे जी. ए. स्मोलेन्स्की आणि त्यांचे सहकारी गुंतागुंतीची रासायनिक घडण असलेल्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवर काम करत होते. त्यातूनच लेड मॅग्नेशियम नायोबेट हा पदार्थ पुढे आला. त्याला थोडक्यात पीएमएन म्हणतात. आजही रिलॅक्सरचा नमुनेदार पदार्थ म्हणून त्याचाच अभ्यास होतो.

पीएमएनमध्ये तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या. पहिली, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देण्याची क्षमता, दहा हजारांच्याही वर जातो. पण आलेखात त्याचे टोकदार शिखर दिसत नाही, एक रुंद टेकाड दिसते. दुसरी, या टेकाडाचा माथा मोजणीच्या वारंवारतेनुसार सरकतो. एक किलोहर्ट्झच्या आसपास तो उणे १० अंश सेल्सिअसजवळ असतो आणि वारंवारता वाढवली की जास्त तापमानाकडे जातो. तिसरी गोष्ट सर्वांत चकित करणारी आहे. टेकाड ओलांडून तापमान कितीही खाली नेले, तरी क्ष-किरणांना दिसणारी स्फटिकाची सरासरी रचना घनाकारच राहते. ५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड केल्यावरही हेच आढळले आहे.

फरक समजण्यासाठी बर्फ आणि साजूक तूप यांची तुलना उपयोगी पडते. बर्फ शून्य अंशाला वितळतो. तुपाला मात्र असा एकच आकडा नसतो. थंडीत ते घट्ट असते, ऊन वाढले की त्यात रवे आणि पातळ भाग एकत्र नांदतात आणि मग हळूहळू सगळे पातळ होते. तूप अनेक प्रकारच्या स्निग्ध रेणूंचे मिश्रण असते आणि प्रत्येकाचा वितळण्याचा बिंदू वेगळा असतो, म्हणून असे घडते. रिलॅक्सरमध्येही मूळ कारण मिश्रणाचेच आहे, फक्त हे मिश्रण अणूंच्या पातळीवरचे आहे.

पीएमएनच्या स्फटिकात ज्या जागी बेरियम टायटनेटमध्ये टायटॅनियम असतो, तिथे मॅग्नेशियम किंवा नायोबियम असतो. तीन जागांपैकी एक मॅग्नेशियमची आणि दोन नायोबियमच्या. मॅग्नेशियमचा प्रभार अधिक दोन, तर नायोबियमचा अधिक पाच. सरासरी अधिक चार येते, त्यामुळे एकूण हिशेब जुळतो. पण कोणत्या जागी कोण बसेल याला लांबवर टिकणारा ठरावीक क्रम नसतो. परिणामी प्रत्येक एककाच्या आसपासचे विद्युत वातावरण वेगळे असते. कुठे एका दिशेला ओढ, कुठे दुसऱ्या. या ओढींना यादृच्छिक क्षेत्रे म्हणतात. व्ही. वेस्टफाल, डब्ल्यू. क्लेमन आणि एम. डी. ग्लिन्चुक यांनी १९९२ मध्ये पीएमएनच्या वागणुकीचे स्पष्टीकरण याच क्षेत्रांच्या आधारे मांडले. संपूर्ण स्फटिकाने एक दिशा निवडावी असे वातावरणच नसते, म्हणून प्रत्येक छोटा भाग आपल्यापुरता निर्णय घेतो.

तापमान उतरताना काय घडते?

पीएमएनचा स्फटिक भट्टीतून काढून हळूहळू थंड करत नेला, तर त्याच्या आत पुढील टप्पे दिसतात.

*पहिला टप्पा : सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या वर.* येथे पदार्थ साध्या पराविद्युत पदार्थासारखा वागतो. अणू जोराने कंप पावत असतात आणि कुठेही टिकाऊ ध्रुवण नसते.

*दुसरा टप्पा : बर्न्स तापमान.* १९८३ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेतील जी. बर्न्स आणि एफ. एच. डॅकॉल यांनी अशा स्फटिकांचा अपवर्तनांक वेगवेगळ्या तापमानांना मोजला. तापमान उतरताना अपवर्तनांक सरळ रेषेत बदलायला हवा होता. पण पीएमएनमध्ये सुमारे ६२० केल्विनपाशी, म्हणजे ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, आलेख रेषेपासून ढळू लागला. डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा माथा यापेक्षा साडेतीनशे अंशांनी खाली होता, तरीही स्थानिक ध्रुवणाची चाहूल इतक्या वर लागत होती. या भागांना पुढे 'ध्रुवीय नॅनोक्षेत्रे' असे नाव रूढ झाले. या टप्प्यावर ती अतिशय लहान, एक-दोन नॅनोमीटरची, आणि अल्पजीवी असतात. त्यांची दिशा सतत बदलत राहते.

*तिसरा टप्पा : चळवळ मंदावते.* सुमारे ४२० केल्विनच्या, म्हणजे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यूट्रॉनच्या प्रयोगांत नवा बदल दिसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत पी. एम. गेरिंग आणि सहकाऱ्यांनी विखुरलेल्या न्यूट्रॉनमधील स्थिर भाग वेगळा काढला. तो याच तापमानाखाली दिसू लागतो. म्हणजे काही नॅनोक्षेत्रे आता मोजणीच्या कालावधीत जवळपास जागीच थांबलेली असतात. वरच्या तापमानाला दिसणारी चाहूल ही खरी नॅनोक्षेत्रे मानायची की केवळ अणूंच्या कंपनांचा परिणाम, हा वाद या मोजणीनंतर अधिक धारदार झाला.

*चौथा टप्पा : टेकाडाचा माथा.* उणे १० अंशांच्या परिसरात नॅनोक्षेत्रे पुरेशी मोठी झालेली असतात, पण अजून वळू शकतात. विद्युतक्षेत्र लावले की ती साथ देतात, म्हणून प्रतिसाद सर्वाधिक असतो. मात्र सर्व क्षेत्रे सारख्या चपळाईने वळत नाहीत. लहान क्षेत्रे पटकन वळतात, मोठ्यांना वेळ लागतो. क्षेत्राची दिशा फार वेगाने बदलत असेल, तर मंद क्षेत्रे मागे पडतात. त्यांनाही गती मिळावी म्हणून जास्त उष्णता लागते. वारंवारता वाढवल्यावर माथा वरच्या तापमानाकडे सरकतो तो यामुळे. 'रिलॅक्सर' हे नावही या मागे पडण्यावरूनच आले आहे. भौतिकशास्त्रात अशा विलंबित प्रतिसादाला रिलॅक्सेशन म्हणतात.

*पाचवा टप्पा : गोठण तापमान.* सुमारे २२० केल्विनला, म्हणजे उणे ५० अंशांच्याही खाली, नॅनोक्षेत्रांची हालचाल जवळपास थांबते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात डी. व्हीलँड, एल. एरिक क्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले, की रिलॅक्सरचे हे मंदावणे काचेसारख्या पदार्थांना लागू पडणाऱ्या व्होगेल-फुल्चर या सूत्रात बसते. द्रव काच थंड होताना घट्ट होत जाते, पण तिचे रेणू शिस्तीत रचले जात नाहीत. तसेच येथे ध्रुवण गोठते, पण सर्वत्र एका दिशेला न वळता. या खोल थंडीत नॅनोक्षेत्रांचा आकार सहा-सात नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो. त्यापुढे ती वाढत नाहीत, कारण यादृच्छिक क्षेत्रे त्यांना जागोजागी अडकवून ठेवतात.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उमेश वाघमारे यांचा सहभाग असलेल्या गटाने २००६ मध्ये संगणकीय प्रतिरूपांतून ही अवस्था तपासली. त्यात नॅनोक्षेत्रे रासायनिकदृष्ट्या सुव्यवस्थित अशा सूक्ष्म भागांना खिळलेली आढळली. म्हणजे तापमानानुसार ध्रुवण बदलते, पण ते कुठे धरून राहील हे स्फटिक तयार होताना झालेल्या अणूंच्या मांडणीवर ठरते.

इतिहास लक्षात ठेवणारा स्फटिक

रिलॅक्सरची डोमेनरचना केवळ आताच्या तापमानावर ठरत नाही. तो त्या तापमानाला कसा पोहोचला, हेही महत्त्वाचे असते. पीएमएन विद्युतक्षेत्राविना थंड केला तर तो वर सांगितल्याप्रमाणे विस्कळीत अवस्थेत गोठतो. तोच स्फटिक प्रतिसेंटिमीटर सुमारे पावणेदोन किलोव्होल्टपेक्षा जास्त क्षेत्रात थंड केला, तर नॅनोक्षेत्रे एकत्र येऊन मोठी डोमेन तयार होतात आणि पदार्थ साध्या फेरोइलेक्ट्रिकसारखा होतो. आता क्षेत्र काढून घेतले तरी थंडीत ही शिस्त टिकते. पण स्फटिक पुन्हा तापवत नेला, की सुमारे २१० केल्विनपाशी ती कोसळते आणि नॅनोक्षेत्रांचा जुना कारभार परत येतो. एकाच तापमानाला एकाच स्फटिकाच्या दोन वेगळ्या अंतर्गत रचना असू शकतात, त्या अशा.

लेड टायटनेट मिसळल्यावर

शुद्ध पीएमएनमध्ये लेड टायटनेट हा साधा फेरोइलेक्ट्रिक पदार्थ मिसळला की चित्र बदलू लागते. या मिश्रणाला पीएमएन-पीटी म्हणतात. लेड टायटनेटचे प्रमाण वाढते तशी लांब पल्ल्याची शिस्त वाढते. कमी प्रमाणात डोमेनची नक्षी अनियमित, वेड्यावाकड्या चक्रव्यूहासारखी असते. चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले की बेरियम टायटनेटसारखे सरळ पट्टे दिसतात.

सर्वांत कुतूहलाचा भाग या दोहोंच्या मध्ये, तीस ते पस्तीस टक्क्यांच्या पट्ट्यात आहे. येथे ध्रुवणाला घनाच्या पृष्ठांकडे वळण्यासाठी आणि कोपऱ्यांकडे वळण्यासाठी लागणारी ऊर्जा जवळपास सारखी असते. त्यामुळे ते सहज इकडून तिकडे कलते. बनारस हिंदू विद्यापीठातील ए. के. सिंह आणि धनंजय पांडे यांनी २००१ ते २००३ या काळात या पट्ट्यातील रचनांचा बारकाईने अभ्यास केला. मधल्या दिशांकडे ध्रुवण असणाऱ्या, कमी सममितीच्या रचना तेथे असल्याचे त्यांनी दाखवले.

ध्रुवण सहज कलत असल्यामुळे या स्फटिकांचा दाबविद्युत परिणाम प्रचंड असतो. दाबविद्युत परिणाम म्हणजे दाब दिल्यावर वीज निर्माण होणे आणि वीज दिल्यावर आकार बदलणे. हा परिणाम मोजण्याचे एकक आहे पिकोकुलोम प्रति न्यूटन. पूर्वापार वापरात असलेल्या पीझेडटी सिरॅमिकमध्ये हा आकडा काही शेकड्यांत असतो. १९९७ मध्ये एस.-ई. पार्क आणि टी. आर. श्राउट यांनी रिलॅक्सर आणि लेड टायटनेट यांच्या एकस्फटिकांत तो २५०० च्या वर गेल्याचे जाहीर केले. सोनोग्राफीच्या प्रोबचे तंत्र त्यानंतर बदलले. जास्त संवेदनशील स्फटिक म्हणजे जास्त स्पष्ट प्रतिमा.

यात नॅनोक्षेत्रांचा वाटा किती, हे शोधण्यासाठी फेई ली आणि सहकाऱ्यांनी हे स्फटिक अतिशीत तापमानापर्यंत थंड केले. नॅनोक्षेत्रे गोठली की त्यांचा हातभार थांबतो, मग उरेल तो बाकीच्या स्फटिकाचा प्रतिसाद. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सामान्य तापमानाला मिळणाऱ्या प्रतिसादापैकी ५० ते ८० टक्के वाटा नॅनोक्षेत्रांचा असतो. ज्याला स्फटिकातला विस्कळीतपणा म्हटले जात होते, त्याच्याच बळावर त्याची संवेदनशीलता उभी आहे. याच विचाराने या गटाने समॅरियम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळून विस्कळीतपणा मुद्दाम वाढवला. २०१९ मध्ये अशा स्फटिकांत ३४०० ते ४१०० पर्यंतचे आकडे मिळाले.

उष्णतेचा फटका

कापून तयार केलेला पीएमएन-पीटी स्फटिक लगेच कामाचा नसतो. त्याला विद्युतक्षेत्र लावून त्यातील डोमेन वळवावी लागतात. या क्रियेला पोलिंग म्हणतात. कोपऱ्यांकडे ध्रुवण असलेल्या स्फटिकात आठ दिशांची डोमेन असतात. घनाच्या एका बाजूला समांतर क्षेत्र लावले, की क्षेत्राकडे झुकलेल्या चारच दिशा शिल्लक राहतात. ही चौघांची समतोल रचना स्थिर असते आणि तिच्यातूनच वर सांगितलेले मोठे आकडे मिळतात.

उष्णता याच रचनेवर घाव घालते, आणि तोही दोन पायऱ्यांत. तीस टक्क्यांच्या आसपास लेड टायटनेट असलेल्या स्फटिकात ७० ते ९५ अंश सेल्सिअसदरम्यान ध्रुवण कोपऱ्यांकडून पृष्ठांकडे वळते. चौघांची रचना मोडते आणि प्रतिसाद घसरतो. पुढे १३० ते १५० अंशांच्या दरम्यान क्यूरी तापमान येते. ते ओलांडले की पोलिंग पूर्ण पुसले जाते. स्फटिक पुन्हा थंड केल्यावर आठही दिशांची डोमेन परत येतात, पण त्यांची बेरीज शून्य होते. बाहेरून पाहता स्फटिक जसाच्या तसा दिसतो, मात्र दाब दिला तरी वीज देत नाही. त्याला पुन्हा पोलिंग करावे लागते.

व्यवहारात याचे परिणाम थेट आहेत. वाफेवर चालणारे निर्जंतुकीकरण यंत्र १२१ किंवा १३४ अंशांवर काम करते, म्हणजे या स्फटिकांच्या सुरक्षित मर्यादेच्या बरेच वर. सोल्डरिंगची उष्णता तर त्याहून जास्त असते, म्हणून जोडणी सांभाळून करावी लागते. सोनारमध्ये जास्त शक्तीने सतत चालणारा स्फटिक स्वतःच तापतो, त्यामुळे त्याच्याकडून किती काम घ्यायचे यालाही मर्यादा पडते. या अडचणीवर उपाय म्हणून इंडियमयुक्त तिसरा घटक मिसळलेले स्फटिक विकसित झाले. त्यांत पहिली पायरी सुमारे ३० अंशांनी वर सरकते.

कधी कधी मात्र डोमेन न टिकणे हेच हवे असते. दहा टक्क्यांच्या आसपास लेड टायटनेट असलेल्या पदार्थात टेकाडाचा माथा सामान्य तापमानाजवळ येतो. तेथे नॅनोक्षेत्रे क्षेत्र लावल्यावर वळतात आणि काढल्यावर विस्कटतात, मागे काही शिल्लक ठेवत नाहीत. त्यामुळे आकारातील बदल अचूकपणे मूळ पदावर येतो. हबल अंतराळ दुर्बिणीच्या मुख्य आरशातील दोष दूर करण्यासाठी १९९३ मध्ये नवा कॅमेरा बसवण्यात आला. त्यातील लहान आरशांचा कल सूक्ष्म प्रमाणात बदलण्यासाठी पीएमएन वर्गातील पदार्थाचेच घटक वापरले होते.

न सुटलेले प्रश्न

विस्कळीत पार्श्वभूमीत तरंगणारी नॅनोक्षेत्रे, हे चित्र समजायला सोपे असले तरी सर्वमान्य नाही. २०१७ मध्ये एच. ताकेनाका, आय. ग्रिनबर्ग, एस. लिऊ आणि ए. एम. रॅपे यांनी संगणकीय अभ्यासाच्या आधारे वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते ध्रुवणाविना राहिलेली अशी पार्श्वभूमी नसतेच. सगळा स्फटिक अतिसूक्ष्म डोमेननी भरलेला असतो आणि त्यांच्यामधल्या भिंती कमी कोनाच्या असतात. पाणी आणि बर्फाच्या चुऱ्याचा मिळून जो चिखल होतो, त्याची उपमा त्यांनी दिली आहे.

डोमेन जितकी लहान तितका प्रतिसाद जास्त, हा समजही सर्वत्र खरा ठरलेला नाही. २०२० मध्ये २८ टक्के लेड टायटनेट असलेल्या स्फटिकांना उलटसुलट दिशेच्या विद्युतक्षेत्राने पोलिंग करण्यात आले. त्यात प्रकाश विखुरणाऱ्या डोमेन भिंती नाहीशा झाल्या आणि डोमेन मोठी झाली. स्फटिक पारदर्शक झाला आणि दाबविद्युत आकडाही २१०० च्या वर गेला. प्रकाश आणि ध्वनी एकत्र वापरणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी असा स्फटिक उपयोगी आहे.

या सर्व पदार्थांत शिसे असते आणि ते विषारी आहे. म्हणून बेरियम झिर्कोनेट-टायटनेट आणि सोडियम-बिस्मथ टायटनेट यांसारख्या बिनशिशाच्या पदार्थांवर काम चालू आहे. त्यांपैकी सोडियम-बिस्मथ टायटनेटवर आधारित सिरॅमिकमध्येही पोलिंग कोणत्या तापमानाला नष्ट होते, हाच मोठा अडसर आहे. नवा पदार्थ किती संवेदनशील आहे याबरोबरच ती संवेदनशीलता किती अंशांपर्यंत टिकते, हे पाहिल्याशिवाय तो प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.